नोकरी गेल्यावर ‘मी कोण?’ – घणसोलीच्या एका बंधूंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: “वय ४४. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर होतो. काही महिन्यांपूर्वी आमची अख्खी टीमच बंद केली, त्यात माझीही नोकरी गेली. पत्नी स्टाफ नर्स आहे, घर सध्या तिच्या पगारावर चालतं. सोसायटीत कोणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतो, कुठेतरी बसतो आणि संध्याकाळी घरी येतो. रविवारी चर्चमध्ये भक्तीला जाणं सोडलंय, कारण भक्ती सुटल्यावर जो तो ‘सध्या कुठे?’ विचारतो. मुलगी दहावीला आहे. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय काय लिहू, असं तिने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. देवाच्या नजरेत मी मोलवान आहे हे लहानपणापासून ऐकत आलोय, मग मला तसं वाटत का नाही? माझा विश्वास कमी पडतोय का?”

सलाम बंधू.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला आतून कुरतडतोय असं दिसतं. नाही, तुमचा विश्वास कमी पडल्यामुळे हे झालेलं नाही. तुमच्या कानावर कोणी तसं घातलं असेल, तर ते बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांचं बोलणं आहे. ईयोबाचं सगळं गेल्यावर ते तिघे सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच्या दुःखाचा हिशेब त्याच्याच पापात शोधायला लागले. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ‘विश्वास वाढव म्हणजे पगार वाढेल’ असं सांगणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांची भाषणं सध्या तरी ऐकू नका.

मी बरीच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत पर्सोनेल खात्यात होते. आता ठाण्यात मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, पाळकीय समुपदेशन करते. कपातीची यादी कशी बनते हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. एक्सेलचा तक्ता असतो. कर्मचारी क्रमांक, ग्रेड, वर्षाचा एकूण खर्च, प्रोजेक्ट कोड, मागच्या दोन वर्षांचं रेटिंग, एवढे रकाने. वरून आकडा येतो, इतका खर्च कमी करा. मग तक्ता खर्चाच्या रकान्याप्रमाणे लावला जातो आणि वरच्या ओळी रंगवल्या जातात. तुमच्यासारख्या मधल्या फळीतल्या, पगार वाढत गेलेल्या माणसांच्या ओळी तिथे सगळ्यात वर असतात. रात्री दोनला क्लायंटचा फोन उचलणारा, नव्या पोरांना हाताला धरून शिकवणारा माणूस त्या तक्त्यात कुठेच नसतो, कारण त्याच्यासाठी रकानाच नाही. हे कंपनीच्या समर्थनासाठी सांगत नाही. ज्या कागदाने तुम्हाला बाहेर काढलं, त्या कागदाने तुमचं मोजमाप कधी घेतलंच नव्हतं, एवढंच सांगायचंय.

पण एवढ्याने समाधान होणार नाही, हेही मला ठाऊक आहे. कारण प्रश्न त्या कागदाचा नाही. गेली वीस-बावीस वर्षं तुम्ही स्वतःच स्वतःला त्या हुद्द्याने ओळखत आलात. यात एकटे तुम्हीच नाही. लग्नाच्या बायोडाटात मुलाच्या नावाखाली पहिली ओळ पॅकेजची असते. मंडळीच्या कार्यक्रमात व्यासपीठावर कोणाला बसवायचं हेही आपण हुद्दा पाहूनच ठरवतो. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीला चांगलंच सुनावलंय. ते पत्र आपल्यालाच लिहिलंय असं मला अनेकदा वाटतं.

इथे थोडं मागे जाते. मराठी ख्रिस्ती घराण्यांपैकी अनेकांची मुळं नगर जिल्ह्यात आहेत, कदाचित तुमचीही असतील. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं आणि पुढच्या काही दशकांत, १८७६ च्या दुष्काळाच्या आगेमागे तर फारच, गावकुसाबाहेरची माणसं मोठ्या संख्येने प्रभूकडे आली. ही माणसं कोणत्या जगातून आली? बलुतेदारीच्या. गावात माणसाची ओळख म्हणजे त्याच्या वाट्याला आलेलं काम. मेलेलं जनावर ओढणारा तो, दवंडी पिटणारा तो, दोर वळणारा तो. कामच नाव, कामच जात, कामच बसायची जागा, आणि ते बदलायची सोय नाही. अशा माणसाला कोणीतरी येऊन सांगितलं की तुझं मोल तुझ्या कामावरून ठरत नाही, देवाने तुला आपल्या प्रतिमेचा घडवलंय, त्याच्या पुत्राने तुझ्यासाठी रक्त सांडलंय. आपल्या पणजोबांनी गावाचा बहिष्कार सोसून ते धरून ठेवलं. मंडळीत आल्यावर जात लगेच गळून पडली असं नाही, लग्नं जुळवताना ती आजही डोकं वर काढते, हे कबूल केलंच पाहिजे. तरी त्या सुवार्तेचा गाभा तो होता. आणि आज त्यांचेच पणतू एअर कंडिशन्ड ऑफिसात बसून, कोणी जबरदस्ती केलेली नसताना, पुन्हा कामालाच आपलं नाव करून बसलेत. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्यावर रागावून बोलत नाही, पण पणजोबांनी एवढं सोसून मिळवलेलं असं सहज हातचं जाऊ देऊ नका.

आता शास्त्र, म्हणजे बायबल, उघडा. मी एकेक वचन गोळीसारखं देणार नाही. फक्त क्रम बघा, आधी काय आणि नंतर काय.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस सहाव्या दिवशी घडला. सातवा दिवस देवाच्या विसाव्याचा. म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस कामाचा नव्हता. बागेची मशागत करायला त्याला दिली हे खरं, पण ‘फार चांगले’ हा शेरा त्याने कुदळ हातात घेण्याच्या आधीच पडलेला होता.

लूकाच्या तिसऱ्या अध्यायात येशूचा बाप्तिस्मा होतो. वय सुमारे ३०. तोवर एकही उपदेश नाही, एकही रोगी बरा केलेला नाही, एकही शिष्य नाही. नाझरेथात सुतारकाम केलेला, चारचौघांसारखा माणूस. आणि स्वर्गातून वाणी येते की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. कशाबद्दल संतुष्ट? दाखवायला काहीच नव्हतं. पुढच्याच अध्यायात सैतान येतो आणि त्याचा पहिला घाव नेमका इथेच पडतो: तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्याची भाकर करून दाखव. काहीतरी करून दाखव, मग मानू. बंधू, पहाटे चार वाजता जाग आल्यावर तुमच्या डोक्यात जो आवाज बोलतो, तो हाच आहे. तो म्हणतो, तू खरा बाप असशील तर पगार आणून दाखव. येशूने धोंड्याची भाकर केली नाही. पाच हजारांना जेवू घालणं त्याला पुढे जमलंच की, पण आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी त्याने ते केलं नाही.

तिसरी जागा म्हणजे प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र. करिंथ हे बंदराचं शहर आणि तिथल्या मंडळीत गुलामही होते. गुलाम म्हणजे ज्याची बाजारात खरोखरच किंमत लावली जायची, वय, दात, अंगातली ताकद पाहून. त्यांना पौल लिहितो की तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, माणसांचे दास होऊ नका. ज्याच्या गळ्यात काल किमतीची पाटी होती त्याला हे वाक्य कसं लागलं असेल, याचा विचार करून बघा. किंमत लागली आहे, ती प्रभूने चुकती केली आहे आणि आता दुसऱ्या कोणाला बोली लावायचा अधिकार उरलेला नाही. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा, म्हणजे प्रॉटेस्टंट विश्वास शिकवणाऱ्या पुस्तिकेचा, पहिलाच प्रश्न आहे की जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता. उत्तरात मी काय करतो याचा उल्लेख नाही. मी माझा स्वतःचा नाही, देहाने आणि आत्म्याने माझ्या विश्वासू तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचा आहे, असं ते सुरू होतं. आपल्या गावाकडे म्हातारी माणसं अनोळखी पोराला ‘काय करतोस?’ असं विचारत नाहीत, ‘कुणाचा रे तू?’ म्हणतात. तुम्हाला सध्या त्या प्रश्नाचं उत्तर हवंय, आणि ते बाप्तिस्म्याच्या दिवशीच ठरलेलं आहे.

म्हणून काम क्षुल्लक आहे असं मात्र कृपा करून समजू नका. येशू सुतार होता. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू शिवायचा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये कामाविषयी जे परिपत्रक काढलं, त्यात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे सांगतानाच कामाला मोठा मान दिलाय. मी प्रॉटेस्टंट असले तरी ते मला अगदी पटतं. काम गेल्याचं दुःख खरं आहे, ते रडून मोकळं करण्यात अविश्वास नाही. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातलं ‘जो काम करणार नाही त्याने खाऊही नये’ हे कोणी तुम्हाला ऐकवलं, तर त्यांना ते वाक्य नीट वाचायला सांगा. तिथे काम करायची इच्छाच नसलेल्या माणसाबद्दल लिहिलंय.

ज्याला इच्छा आहे पण काम नाही, त्याच्यासाठी येशूने वेगळी गोष्ट सांगितली, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात. आपल्याकडे सकाळी नाक्यावर मजूर उभे असतात ना, एकाच्या हातात थापी, दुसऱ्याकडे रंगाचा ब्रश, पायाशी डब्याची पिशवी. टेम्पो येतो, चार जणांना बोट दाखवून बसवतो. नऊ वाजेपर्यंत गर्दी पातळ होते, दहानंतर जे उरतात त्यांच्याकडे कोणी बघतही नाही. काही लगेच घरी जात नाहीत, कारण रिकाम्या हाताने घरी जाणं उभं राहण्यापेक्षा जड असतं. येशूच्या गोष्टीतला मळ्याचा मालक दिवस मावळायला तास उरलेला असताना अशाच लोकांपाशी येतो आणि विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. मालक त्यांना आळशी म्हणत नाही, रिज्युमे बघत नाही, मळ्यात पाठवतो. संध्याकाळी हातात एक दिनार ठेवतो, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी, घरच्यांच्या पोटापुरती. सकाळपासून राबणारे कुरकुरतात, तेव्हा तो म्हणतो की मी चांगला आहे हे तुझ्या डोळ्यांत का सलतं? ही स्वर्गाच्या राज्याची गोष्ट आहे, नोकरीच्या हमीची नाही. त्या राज्यात तास मोजून माणूस तोलत नाहीत, एवढं मात्र ती निःसंशय सांगते.

पत्नीच्या पगाराबद्दल. तुम्ही तो उल्लेख ज्या तऱ्हेने केलाय त्यावरून तो तुम्हाला खुपतोय. लूकाच्या आठव्या अध्यायातल्या पहिल्या तीन ओवी वाचा. मग्दालीया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर बऱ्याच जणी आपापल्या पैशांतून येशूचा आणि बारा जणांचा खर्च चालवत होत्या. स्त्रियांच्या कमाईचं अन्न प्रभूने खाल्लं आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पत्नी नाइट ड्यूटीहून येतात तेव्हा गरम चहा आणि पोळी-भाजी तयार ठेवा. हे उपकार म्हणून किंवा परतफेड म्हणून नको, घर दोघांचं आहे म्हणून.

आता रोजच्या जगण्याचं. वचन डोक्यात गेलं तरी अंगात मुरायला सवयी लागतात, नाहीतर ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं राहतं.

सकाळची बॅग बंद करा. माझ्याकडे जे येतात, त्यांत नोकरी गेल्याचं लपवणाऱ्यांना सावरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण शोधाची निम्मी ताकद नाटक टिकवण्यात जाते, आणि ज्यांना माहीतच नाही ते मदत तरी कशी करणार? सोसायटीत गावजेवण घालून सांगायची गरज नाही. शेजारच्या एका घरी, भावाला आणि जुन्या ऑफिसातल्या दोघातिघांना सांगा. मुलीला तर तिच्या आईसमोर बसून आजच सांगा. तिला बहुतेक कळलेलं असणार. फॉर्मवर ‘सध्या नोकरीच्या शोधात’ लिहायला हरकत नाही, रकान्यात सॉफ्टवेअर व्यावसायिक लिहिलं तरी ते खरंच आहे. बाप संकटात खरं बोलतो हे दहावीच्या वयात पाहायला मिळणं, ही तिच्यासाठी लहान गोष्ट नाही.

रविवारी भक्तीला जा. ‘सध्या कुठे?’ ला एक वाक्य घरून तयार करून न्या: “नोकरी गेलीय, शोधतोय, प्रार्थना करा आणि कुठे जागा असल्याचं कानावर आलं तर कळवा.” पहिल्यांदा म्हणताना घसा दाटेल, तिसऱ्यांदा नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी तर चुकवूच नका. त्या मेजापाशी सगळे रिकाम्या हातांनीच जातात, बँकेचा मॅनेजरही आणि सफाई कामगारही, आणि दोघांच्या ओंजळीत तेवढाच तुकडा पडतो. आपलं मोल दिलेलं असतं, कमावलेलं नाही, हे माझ्या अनुभवात प्रवचनापेक्षा तिथे जास्त लवकर कळतं.

आणि इथे एक इशारा. तुम्ही मोकळे आहात म्हटल्यावर कोणीतरी पास्टोरेट कमिटीचं (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचं) काम, संडे स्कूल, वार्षिक अहवाल, सगळं तुमच्या गळ्यात घालेल. तुम्हालाही बरं वाटेल, पुन्हा ‘कोणीतरी’ झाल्यासारखं. सहा महिने तरी एखाद्या छोट्या कामापलीकडे घेऊ नका. हुद्द्याची जागा सेवेने भरली तर फक्त कंपनी बदलते, दुखणं तेच राहतं. सत्तर शिष्य मोठ्या आनंदाने परत आले, भुतंही आम्हाला वश होतात म्हणाले, तेव्हा येशूने त्यांना सांगितलं की याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. सेवेतल्या यशावरही त्याने त्यांना ओळख बांधू दिली नाही.

शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ नोकरी शोधणंही बंद ठेवा. नोकरी डॉट कॉम नाही, लिंक्डइन नाही, मेल नाही. बेकार माणसाला कसली सुट्टी, असं वाटेल. पण मिसरात इस्राएल लोकांना सुट्टीच नव्हती. पेंढा मिळेनासा झाला तरी विटांची रोजची संख्या कमी होऊ द्यायची नाही, असा फारोचा हुकूम होता. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळायचं कारण हेच दिलंय: तू मिसरात दास होतास हे आठव. ज्याच्याकडे काम नाही त्याच्या मानेवरही विटांचा हिशेब असतोच, आज किती अर्ज टाकले, किती उत्तरं आली. आठवड्यातून एक दिवस तो हिशेब खाली ठेवायचा. त्या दिवशी मुलीला घेऊन तलावपाळीला चक्कर मारा किंवा पाम बीचच्या बाजूला खाडीवर फ्लेमिंगो आले असतील तर बघून या.

झोप आणि भूक यांवर लक्ष ठेवा. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाचं बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत खिन्न असेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे जाण्यात काहीच लाजिरवाणं नाही. आणि ‘मी नसतो तर विम्याचे पैसे तरी मिळाले असते’ असा विचार एकदाही डोकावला असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा, पत्नीला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही.

पैशांचं थोडक्यात. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे, ती ३० दिवसांत मिळायला हवी होती. मिळाली नसेल तर लेखी मागा. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून घरात सध्या कोणाला कशाचं संरक्षण आहे ते या आठवड्यात तपासा. पीएफला शेवटी हात लावा. घराचा हप्ता जड जाणार असं दिसत असेल, तर तो चुकायच्या आधीच बँकेत जाऊन बोला.

मुलाखतीत मधल्या रिकाम्या महिन्यांबद्दल विचारतीलच. “आमची टीम बंद झाली, त्यात मी होतो,” एवढं एका वाक्यात सांगा आणि लगेच आपण हाताळलेल्या कामाकडे वळा. माफी मागितल्यासारखा आवाज येऊ देऊ नका, जुन्या कंपनीला नावंही ठेवू नका. समोरचा माणूस एका जागेसाठी योग्य माणूस शोधतोय, तुमचा न्याय करायला बसलेला नाही. पगाराचा आकडा आदल्या रात्री पत्नीशी बोलून ठरवा, थोडा कमी घ्यावा लागला तरी किती कमी चालेल हेही दोघांनी मिळूनच ठरवा, आणि तो सांगताना कारणं देत बसू नका.